इंजिनखोलीतला समुद्र



मुलुंड पूर्वेला राहणाऱ्या बाईने समुद्राच्या पुस्तकांविषयी लिहावे, याचे तुम्हांला नवल वाटेल. आमच्या वाट्याला येते ती ठाण्याची खाडी : तिवरांची झाडी, ओहोटीला उघडा पडणारा काळा चिखल आणि मिठागरे. लाटांचा आवाज येथे ऐकू येत नाही. तरीही वाचनाचा सर्वांत मोठा आनंद मला समुद्रानेच दिला आहे.

त्याला कारण माझे वडील. रत्नागिरी जिल्ह्यातील कितीतरी घरांतील पुरुषांप्रमाणे तेही बोटीवर होते. मालवाहू जहाजाच्या इंजिनखोलीत तेलवाला. वर्षातील नऊ-दहा महिने ते घरी नसत. येताना साबणाच्या वड्या आणि टेरिलिनचे कापड आणीत. गोष्टी मात्र आणीत नसत. 'समुद्र कसा असतो?' असे विचारले, की म्हणत, 'पाणी असतं.' त्यांच्या त्या न सांगितलेल्या महिन्यांचा शोध मी वाचनालयातील पुस्तकांत घेऊ लागले. पुढे नोकरी लागली, तेव्हा मुलुंड ते व्ही. टी. या लोकलच्या गर्दीत उभ्याने मी कितीतरी महासागर ओलांडले.

काशीबाई कानिटकरांनी लिहिलेले डॉ. आनंदीबाई जोशी यांचे चरित्र वाचले आणि १८८३ साली, वयाच्या अठराव्या वर्षी, पतीची सोबत नसताना कलकत्त्याहून अमेरिकेला निघालेली ती मुलगी माझ्या शेजारी येऊन उभी राहिली. हर्मन मेलव्हिलची 'मोबी डिक' ही १८५१ मधील कादंबरी वाचताना घाटकोपर कधी मागे पडले, ते कळले नाही. अलीकडच्या काळात, २००९-१० मध्ये, कमांडर दिलीप दोंदे यांनी गोव्यात बांधलेल्या 'म्हादेई' या शिडाच्या नौकेतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली. असे करणारे ते पहिले भारतीय. त्यांचे पुस्तक मी दोनदा वाचले.

वडील निवृत्त झाले. मोतीबिंदूमुळे त्यांना वाचता येईना, तेव्हा मी त्यांना पु. ल. देशपांडे यांचे 'एका कोळियाने' वाचून दाखवू लागले. हेमिंग्वेच्या कादंबरीचा हा अनुवाद. चौऱ्याऐंशी दिवस एकही मासा न मिळालेला म्हातारा, आणि मग गळाला लागलेला तो प्रचंड मासा. तिसऱ्या संध्याकाळी, दोरीने म्हाताऱ्याचे हात कापले जातात तेथे मी पोहोचले आणि वडील म्हणाले, 'थांब.' त्यांनी स्वतःचे तळवे उघडून पाहिले. जुन्या भाजल्याच्या पांढुरक्या खुणा त्यांवर होत्या. मग ते बोलू लागले.

'लिहिणारे सगळे वरचे गो. आम्ही खालती. चार तास पाळी, आठ तास सुटी, परत चार तास. वादळ आलं तरी आम्हांला लाट दिसायची नाय. पायाखालचा पत्रा कलला की समजायचं. एवढी वर्षं मी समुद्र ऐकला. बघितला थोडाच.'

साहित्याचा अभ्यास करताना 'निवेदक कोठे उभा आहे?' हा प्रश्न तुम्हांला पुनःपुन्हा विचारला जाईल. मला तो त्या संध्याकाळी कळला. मी वाचलेली प्रवासवर्णने बहुतेक प्रवाशांनी लिहिली होती. कठड्याशी उभे राहून. आनंदीबाईंच्या आगबोटीतही खाली कोणी आगवाला भट्टीत कोळसा लोटत असणारच. मेलव्हिल स्वतः १८४१ साली देवमाशांच्या शिकारीच्या जहाजावर साधा खलाशी म्हणून चढला होता; म्हणूनच त्याच्या कादंबरीत देवमाशाइतकीच जागा चरबी कढवणाऱ्या भट्ट्यांना आणि काजळीने माखलेल्या माणसांनाही आहे. आणि म्हादेईवर कप्तान, खलाशी, भंडारी सारे एकच! मला त्या पुस्तकाची एवढी ओढ का वाटली, ते तेव्हा उमगले. जुनी पुस्तके मी पुन्हा काढली. आनंद उणावला नाही. त्याला खोली आली.

त्या संध्याकाळी वडील तासभर बोलले. मी ऐकत राहिले, लिहून घेतले नाही. सवडीने घेऊ, असे म्हटले. सवड मिळण्याआधी पावसाळा आला आणि त्या पावसाळ्यात ते गेले. 'एका कोळियाने'ची शेवटची पाने त्यांना वाचून दाखवायची राहिली. त्यांच्या ट्रंकेत नोकरीची नोंदपुस्तिका सापडली : जहाजाचे नाव, चढल्याची तारीख, उतरल्याची तारीख, शिक्का. पानांमागून पाने एवढेच. हेच त्यांचे प्रवासवर्णन.

मित्रहो, तुमच्यापैकी अनेकजण दिवसाची पाळी संपवून रात्री ही पुस्तिका उघडत असतील. समुद्राची पुस्तके अवश्य वाचा. त्यांतील वारा अंगावर घ्या. वाचताना एकदा खालच्या मजल्यावरही उतरून या. आणि तुमच्या घरात कोणी 'पाणी असतं' एवढेच म्हणून गप्प बसत असेल, तर त्याच्याजवळ बसा. वही मात्र सोबत असू द्या.