टॉकबॅक

घरी बसून बातम्या पाहणाऱ्याला न्यूजरूम म्हणजे नुसता गलका वाटतो, आणि तो असतोही. पण त्या गलक्याच्या आत पीसीआर (प्रॉडक्शन कंट्रोल रूम) नावाची एक थंडगार खोली असते. तिथून अँकरच्या कानात बोलायचं असतं. मी इंटर्न होते तेव्हा बुलेटिन सांभाळणाऱ्या आमच्या मॅडम टॉकबॅकचं बटण दाबण्याआधी थांबायच्या. अँकरचं वाक्य संपू द्यायच्या आणि तो श्वास घेईल तेवढ्या फटीत दोनच शब्द सोडायच्या, "फोनो तयार." म्हणजे फोनवरून बोलणारा लाइनवर आहे. बस्स. मला म्हणायच्या, "त्याच्या तोंडात एक वाक्य आहे. कानात दुसरं कोंबलंस तर तो करणार काय?" एरवी जिन्यातूनही मोठमोठ्यानं बोलत येणाऱ्या बाई त्या!

इंटर्नच्या वाट्याला पहिलं येतं ते लॉगिंग. फुटेज पाहायचं, टाइमकोडपुढे कोण काय बोललं ते लिहायचं. सगळे टाळतात असं काम. एका पत्रकार परिषदेची माझी लॉगशीट मॅडमनी वरून खाली पाहिली आणि विचारलं, "साहेब पाणी कुठल्या प्रश्नाला प्यायले?"

मी शब्द न् शब्द उतरवला होता. पाण्याचं काय?

"रेडिओत असतीस तर एवढ्यावर भागलं असतं," म्हणाल्या, आणि आवाज बंद करून तेच फुटेज पुन्हा लावलं. सेकंदाला 25 फ्रेम. त्या एकेक फ्रेम निवडायला घेतलेल्या तांदळासारखी मागंपुढं करत होत्या. प्रश्न येतो. साहेब ग्लास उचलतात, पण नजर शेजारच्या अधिकाऱ्याकडे. अधिकारी कागद सरकवतो. साहेब ग्लास ठेवतात, मग उत्तर. उत्तर कुणाचं होतं, ते आता लिहायची गरजच नव्हती. तो ग्लास बातमीत घेतला, वर एकही शब्द न टाकता.

पावसाळ्यात त्यांच्या टेबलावर भरतीचं वेळापत्रक असायचं. साडेचार मीटरच्या वरच्या भरतीखाली लाल रेघ. मुंबईचं पावसाचं पाणी शेवटी समुद्रातच जायचं. समुद्रच चढलेला असला की ते जाणार कुठे? त्याच वेळी वरून मुसळधार पाऊस कोसळला तर सखल भाग तुंबतात. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस पडला, हा आकडा न्यूजरूममध्ये शिपायालासुद्धा पाठ असतो. त्या दिवशी भरतीही होती, हे मॅडम आवर्जून जोडायच्या.

हिंदमातासारख्या सखल भागात गुडघाभर पाण्यात उभा राहून रिपोर्टर "सगळीकडे पाणीच पाणी" म्हणाला, की त्या पडद्याकडे बघून वैतागायच्या, "दिसतंय रे बाबा! उतरणार कधी, ते सांग." मग मला महापालिकेच्या आपत्कालीन कक्षाला, 1916 ला, फोन लावायला बसवायच्या. ओहोटी किती वाजता, पंप सुरू आहेत का, किती वाजता सुरू केले. मिळालेलं उत्तर टिकरला जायचं. त्या एका ओळीनं टीआरपी वाढत असेल असं मला वाटत नाही. पण दादरच्या पुलावर ताटकळलेल्या माणसाला थांबावं की चालायला लागावं, एवढं तरी त्यातून ठरवता येत असणार.

त्यांना गुरू वगैरे म्हटलेलं चाललं नसतं. शिकवायला बसावं एवढा वेळही नव्हता. तासाला एक बुलेटिन डोक्यावर असायचं. चिडक्याही होत्या, आणि चिडल्यावर समोरच्याचं वय बघायच्या नाहीत. संपादकांचंही.

इंटर्नशिप संपल्यावर एचआरनं प्रमाणपत्र दिलं. नाव, तारखा आणि 'काम समाधानकारक' असा छापील मजकूर. मॅडमनी ते हातात घेतलं, वाचलं आणि सवयीनं पेनाचं टोपण काढलं.

"हिनं काय केलं ते कुठेय यात? बातमी अर्धवट आहे," म्हणत त्यांनी खाली स्वतःच्या अक्षरात दोन ओळी घातल्या. एचआरनं खाडाखोड चालणार नाही म्हणून दुसरी प्रत छापून दिली. मॅडमनी तिच्यावरही त्याच दोन ओळी लिहिल्या.