मिरिकच्या वाटेवरचा चहा

दार्जिलिंगला जाऊन आलेले मराठी कुटुंब ओळखणे सोपे असते. टायगर हिलवरच्या सूर्योदयाचे (किंवा सूर्योदयाऐवजी दिसलेल्या धुक्याचे) वर्णन, घूमच्या स्टेशनात छोट्या आगगाडीसमोर काढलेले छायाचित्र आणि बाजारातून आणलेले चहाचे पुडे, एवढा ऐवज त्यांच्याजवळ हमखास असतो. पहिल्या दोहोंचे आल्यागेल्याकडून कौतुक होते. तिसऱ्याचे मात्र घरी फार हाल होतात. पुडा फुटतो, आधण येते, आणि आले, वेलदोडा, गवती चहा, साखर व म्हशीचे दूध यांच्या संगतीत ते नाजूक पान पाच मिनिटे रटारटा शिजते. मग घरातले वडीलधारे माणूस एक घोट घेऊन निकाल देते, "नाव मोठं, पण आपल्या नेहमीच्या चहासारखा कडक नाही हो!"

कडक तो नसतोच. आपला नेहमीचा चहा बहुधा आसामच्या बाजूचा, मोठ्या पानाच्या जातीचा आणि बारीक दाणेदार केलेला. तो उकळण्यासाठीच जन्माला आलेला आहे, आणि आल्याच्या चहाविरुद्ध एक अक्षरही लिहिण्याची माझी इच्छा नाही. दार्जिलिंगचे झुडूप मुळात चिनी जातीचे, लहान पानाचे. डॉ. आर्चिबाल्ड कँपबेल या ब्रिटिश अधिकाऱ्याने 1841 साली तिथे आपल्या बागेत चहाचे बी लावून पाहिले आणि 1850 नंतर मळे उभे राहू लागले. आसामच्या उकाड्यात चिनी झाडाने मान टाकली होती. या थंडीत मात्र ते रुजले. झाड चिनी असले तरी त्यापासून करायचा तो काळा चहाच, असे पुढे शंभर वर्षे चालले. अलीकडे काही मळेवाल्यांनी त्याच पानापासून ऊलाँग करायला सुरुवात केली आहे. तो प्यायला आणि होताना पाहायला म्हणून मी 2024 च्या दिवाळीत मिरिकच्या बाजूला गेलो.

दार्जिलिंगहून मिरिक सुमारे पन्नास किलोमीटर. घूमवरून सुकियापोखरी गाठायची आणि तिथून नेपाळच्या सरहद्दीला खेटून जाणारी वाट धरायची. सूचिपर्णी झाडांच्या काळोख्या राईतून गाडी जाते आणि एकाएकी डोंगराची अख्खी कूस हिरव्या गोधडीसारखी उलगडते. ओकायती, गोपालधारा, थर्बो ही इथल्या मळ्यांची नावे. मळ्याला इथले लोक 'कमान' म्हणतात आणि चहाला 'चिया'. नेपाळी भाषेची लिपी देवनागरी, त्यामुळे दुकानांच्या पाट्या आपल्याला घडाघडा वाचता येतात आणि अर्थ मात्र निम्माच लागतो. 'चिया-खाजा' अशी पाटी पाहून मालवणचा खाजा खायच्या आशेने कोणी आत शिरू नये. इकडे खाजा म्हणजे साधी न्याहारी.

दिवाळीला इकडे तिहार म्हणतात. आदल्या दिवशी कुत्र्यांची पूजा झालेली होती, त्यामुळे रस्त्यावरची यच्चयावत कुत्री गळ्यात झेंडूच्या माळा आणि कपाळावर टिळा घेऊन मोठ्या ऐटीत उन्हाला बसली होती. हाच काळ शरदातल्या खुडणीचा. दार्जिलिंगचे पान वर्षात चारदा वेगवेगळे बोलते. मार्च-एप्रिलचे पहिले कोवळे आणि फुलांच्या वासाचे. मे-जूनचे दुसरे सर्वांत नावाजलेले. पावसाळ्यातले भरघोस पण पाणचट. आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरचे शेवटचे, तांबूस आणि पोक्त.

दुसऱ्या खुडणीची मोठी गंमत आहे. त्या चहाला द्राक्षांसारखा जो गंध येतो, त्यात तुडतुड्यांचा वाटा असतो. हो, तेच तुडतुडे, जे आपल्याकडे कपाशीवर पडले की शेतकरी फवारणीचा पंप शोधतो. इथे ते कोवळ्या पानातला रस शोषतात, झाड स्वतःच्या बचावासाठी काही सुगंधी द्रव्ये तयार करते, आणि तोच वास कपात उतरतो. तैवानमधला एक फार महागडा ऊलाँग तुडतुड्यांच्या अशाच चाव्यावर होतो. औषध मारले तर कीड जाईल आणि तिच्याबरोबर वासही जाईल. म्हणून मळेवाला शिवारात कीड किती राहू द्यायची, याचा हिशेब करीत बसतो.

कारखान्यात शिरताच आधी नाकाला बातमी लागते. काळ्या चहासाठी पान रात्रभर सुकवतात, यंत्रात चांगले पिळून त्याचा रस बाहेर आणतात, आणि हवेशी संयोग होऊन ते तांबडे झाले की वाळवतात. हिरव्या चहात हा संयोग होऊच देत नाहीत; पान लगेच तापवून त्याला जागच्या जागी थांबवतात. ऊलाँग या दोहोंच्या मधला. आम्हांला सारे दाखवणारे फॅक्टरीबाबू पन्नाशीचे, मितभाषी गृहस्थ होते. बायकांनी दुपारी आणलेले पान त्यांनी नांगलोवर, म्हणजे वेळूच्या मोठ्या गोल सुपावर पसरलेले होते. थोड्या थोड्या वेळाने ते सूप हातात घेऊन, आपल्याकडे आजी तांदूळ पाखडीत त्याच लयीने, ते पान उडवीत. उडताना पानांच्या कडा एकमेकींवर आपटतात आणि ठेचतात. ठेचली तेवढी कड तांबडी होते, मधला भाग हिरवा राहतो. संध्याकाळी पानाला नुसत्या कापलेल्या गवताचा वास होता. रात्री नवाच्या सुमारास तो कच्च्या पेरूसारखा झाला. अकराला बाबूंनी आम्हांला पुन्हा बोलावले, तेव्हा त्या खोलीत कुणी फुलांची परडी विसरून गेले आहे असे वाटत होते.

"आता भट्टीला द्यायचा?" मी विचारले.

"नाही दाजू. अजून अर्धा तास."

घड्याळ लावून का ठरवीत नाही, असे विचारल्यावर ते म्हणाले, "काल हवा दमट होती, आज कोरडी आहे. घड्याळ दोन्ही दिवशी सारखंच चालतं."

अर्धा तास कमी पडला तर चहा हिरवट आणि तुरट राहतो. जास्त झाला तर सामान्य काळा चहा होतो, आणि तो ऊलाँगच्या भावाने कोणी घेत नाही. चार-साडेचार किलो ओल्या पानाचा एक किलो चहा उतरतो. त्या रात्री सुपांवर दिवसभराची निवडक खुडणी होती. बाबू मितभाषी का, हे मला त्या अर्ध्या तासात कळले.

सकाळी चहा चाखायचा होता. पांढऱ्या चिनीमातीची झाकणाची भांडी, शेजारी वाट्या, चिमूटभर तोलून घेतलेले पान. चाखणारा चमच्याने चहा तोंडाशी नेतो आणि असा काही भुरका मारतो की आपल्या घरी त्याला पंगतीतून उठवले असते. हवेबरोबर घोट टाळ्यापर्यंत उडाला पाहिजे, तरच वास कळतो. मीही लहानपणीचे सारे संस्कार बाजूला ठेवून भुरका मारला. रंग जुन्या तुपासारखा. पहिल्या घोटात भिजवलेल्या जर्दाळूंचा वास, मग जिभेवर मधाची सावली. साखरेचा कण नसताना गोडवा घशात बराच वेळ रेंगाळला. त्याच पानावर दुसऱ्यांदा पाणी ओतले, तेव्हा फळ मागे गेले आणि भाजलेल्या शेंगदाण्याच्या टरफलासारखा खमंगपणा पुढे आला. माझ्या मते दुसरा हातच सर्वांत सरस. चौथ्यापर्यंत पान टिकले. तोवर ते भिजून पुरते उलगडले होते आणि तांबडी कड, हिरवे पोट स्पष्ट दिसत होते.

घरी करायचा तर पाण्याकडे लक्ष हवे. साडेपाच हजार फुटांवर पाणी 94 अंशांच्या आसपासच उकळते, म्हणून तिथे उकळते पाणी तसेच ओतले तरी चालते. मुंबईत ते शंभरापर्यंत जाते. म्हणून आच बंद करून दोन-तीन मिनिटे थांबावे. पान मोठे आणि हलके असल्याने एका कपाला दोन चमचे भरून घ्यावे. पहिला हात तीन मिनिटे, पुढचे थोडे थोडे जास्त. प्रत्येक वेळी पाणी पुरते गाळून काढावे, पान पाण्यात बसू देऊ नये. दूध नको. विहिरीच्या जड पाण्यात हा चहा गढूळ होतो आणि वर साय धरल्यासारखा तवंग येतो. मग कितीही महाग पान आणा, सारे फुकट.

मळेवाले या उद्योगाला लागले ते हौसेने थोडेच. 2017 साली वेगळ्या गोरखालँडसाठी पहाडात 104 दिवस बंद झाला, तो नेमका ऐन दुसऱ्या खुडणीत. झुडपे खुडणीविना वाढत गेली. परदेशी गिऱ्हाईक नेपाळकडे वळले. समोरच्या डोंगरापलीकडे इलाम आहे. तिथला चहा स्वस्त, झाडही त्याच जातीचे, आणि तो दार्जिलिंगच्या नावावर खपवला जातो ही इथली मोठी तक्रार. 1990 च्या सुमारास वर्षाला एक कोटी किलोंहून जास्त चहा पिकवणारे हे मळे 2024 मध्ये साठ लाखांच्याही खाली आले. झुडपे जुनी झाली, पाऊस वेळ पाळीत नाही, आणि तरुण मुलेमुली दिल्ली-बंगलोरकडे जातात. थोडा माल करून चांगला भाव मिळवायचा, तर ऊलाँगसारखा चहा हा एक मार्ग उरतो.

उतारावर खुडणाऱ्या बायकांजवळ दुपारी आम्ही बसलो. डोको खाली ठेवून, कपाळावरचा नाम्लो सोडून त्यांनी बाटलीतला चहा ओतला. कोरा, काळा आणि मीठ घातलेला. घामाने गेलेले मीठ भरून निघते, असे एकीने सांगितले. कालच्या रात्रीचा चहा कसा लागतो, हे तिला ठाऊक नव्हते. मात्र त्यासाठी कुठले पान घ्यायचे, हे तिने मला तीन झुडपांवर हात ठेवून दाखवले. 2023 साली इथला रोज 250 रुपये ठरला. मी जाताना त्या ऊलाँगचा शंभर ग्रॅमचा पुडा घेतला, तो सहाशे रुपयांना.

2025 च्या ऑक्टोबरात एका रात्रीच्या पावसाने मिरिकच्या परिसरात दरडी कोसळल्या, कित्येक माणसे दगावली, आणि सिलिगुडीकडून वर येणारा दुधियाचा पूल कोसळला. मी बाबूंना फोन केला. कारखाना सुखरूप होता, एक उतार मात्र झुडपांसकट खाली गेला होता. उरलेल्या उतारांवरची शरदातली खुडणी चार दिवसांनी सुरू केली, म्हणाले, आणि पान यंदा बरे आहे.