ताई, एक विचारू का?

२०२०च्या टाळेबंदीत आमच्या बी.एड.च्या विद्यार्थ्यांचं गटकार्य व्हॉट्सअ‍ॅपवर गेलं. चार-पाच जणांनी मिळून एक पाठ आखायचा. तयार पाठ मला दिसत होता. तो घडताना कोण कोणाकडून काय शिकलं, हे शोधायचं होतं. म्हणून त्यांच्या परवानगीनं, नावं काढून टाकून, मी संभाषणं ओळीओळीनं वाचायला घेतली.

गटातल्या बोलण्याचे नील मर्सर यांनी तीन प्रकार सांगितले आहेत: नुसती खडाजंगी, होला हो, आणि कारणं देत-मागत केलेला शोध. तिसऱ्यात ‘कारण’, ‘जर’, ‘मला वाटतं’ असे शब्द वाढतात, हे त्यांनी शाळकरी मुलांच्या बोलण्यातून दाखवलं. मीही शब्द मोजले. रोमन लिपीत तऱ्हेतऱ्हेनं लिहिलेलं ‘कारण’ आधी एकत्र करावं लागलं. पण सर्वांत जास्त ‘कारण’ निघालं ते पाठ्यपुस्तकातले उतारे जसेच्या तसे चिकटवणाऱ्या गटात! मोजणी थांबवून पुन्हा वाचायला बसले, तेव्हा चंद्रकलांचा गट हाती लागला.

गटातल्या सर्वांत मोठ्या बाईंनी लिहिलं होतं की पृथ्वीच्या सावलीमुळे चंद्राच्या कला दिसतात. खाली अंगठ्यांची रांग. मग एका मुलीचा संदेश: ‘ताई, एक विचारू का? अष्टमीला दुपारी चंद्र आणि सूर्य दोघंही आकाशात दिसतात. मग आपली सावली चंद्रावर कशी पडेल?’

शार्लट गुणवर्धना आणि सहकाऱ्यांच्या १९९७च्या आराखड्यात अशा चर्चेच्या पाच पायऱ्या आहेत. माहितीची देवाणघेवाण ही पहिली, मतभेद उघड होणं ही दुसरी. माझ्या सहकाऱ्यानं हा संदेश पहिल्या पायरीवर ठेवला, कारण वाक्यात विरोध कुठेच नाही, साधी शंका आहे. मी दुसरीवर. आमच्याकडे वयानं मोठ्या माणसाला ‘तुमचं चुकतंय’ असं कोणी लिहीत नाही. परवानगी मागून प्रश्न विचारला जातो, आणि त्या प्रश्नातच पूर्ण युक्तिवाद असतो. पुढचे संदेश वाचून सहकाऱ्यालाही ते पटलं. ‘थांब, करून बघते,’ म्हणत ताईंनी अंधाऱ्या खोलीत विजेरी आणि चेंडू घेऊन फोटो टाकले: उजळलेला अर्धा भाग कुठून किती दिसतो ते. सावलीचं कारण ग्रहणाला लागू पडतं, हे त्यांनी स्वतःच लिहिलं. अंगठे दाखवणारेही आता प्रश्न विचारू लागले होते. सगळ्या संभाषणांत मला सर्वांत मोलाचं वाटलं ते हेच पान.

आता गटकार्याआधी विद्यार्थी आपले नियम स्वतः ठरवतात. नुसता अंगठा चालणार नाही, सोबत एक वाक्य हवं, हा नियम बहुतेक गट आपणहून घालतात. मी एकच भर घालते: मोठ्यांनी आपलं मत सर्वांत शेवटी लिहायचं.