दीड हजारात पांघरूण

लष्कर, ग्वाल्हेर
१८ जानेवारी

चि. अवनीस अनेक आशीर्वाद.

पत्र बघून हसू नकोस. फोनवर तू "हो आत्या, हो आत्या" करतेस आणि मध्येच दुसरा कॉल घेतेस. कागदावर तरी मला पूर्ण बोलू दे.

क्रोशाचा चौकोन वाटीसारखा का होतोय, एवढंच तू विचारलंस. ते सांगतेच. पण त्याच्याखाली सहज म्हणून लिहिलंस, की ऑफिसातल्या मैत्रिणीच्या बाळासाठी असेच चौकोन जोडून पांघरूण करून देणार आहेस, दीड हजारात, लोकर धरून. वर आणखी, "तेवढाच टाइमपास." अवनी, ते दीड हजार माझ्या घशाखाली उतरलेले नाहीत. टाइमपास तर मुळीच नाही.

आधी चौकोन. फोटो मोठा करून पाहिला. सुरुवात चांगली आहे. चार साखळ्यांचं कडं, त्यात तीन-तीन खांबांचे चार गट, मध्ये दोन-दोन साखळ्या. दुसरी ओळही सरळ. तिसऱ्या ओळीत तू खांबांऐवजी फुगे घातलेस आणि तिथूनच कडा आत वळल्या. फुगा दिसायला गुबगुबीत, पण रुंदीला खांबांच्या गटापेक्षा कमी भरतो. ओळ आखडते आणि मधला भाग वर येतो. म्हणून फुग्यांच्या ओळीत दोन फुग्यांमध्ये एक साखळी जास्त घे, कोपऱ्यात दोनच्या जागी तीन, आणि सुई साडेचारच्या ऐवजी पाच नंबरची. त्यानंतरची ओळ साध्या खांबांची. सगळ्याच ओळी फुग्यांच्या केल्यास तर पांघरूण जड होईल आणि लोकर खाईल ती वेगळीच.

फुगाही नीट कर. सुईवर वेढा घे, घरात घाल, धागा बाहेर काढ आणि चांगला अर्धा-पाऊण इंच वर खेच. तू नखाएवढा खेचतेस, घाई दिसते त्यात. असं त्याच घरात तीनदा. सुईवर सात फेरे उभे राहतील. सगळे एकाच लांबीचे आहेत ना बघ, एका दमात ओढून घे आणि वर एक साखळी घट्ट मार. ही साखळी तू गाळतेस, म्हणून फोटोत फुग्यांची तोंडं उघडी आहेत. धाग्याची टोकं गाठ मारून कापू नकोस. एकदा इकडून, मग उलट तिकडून, पुन्हा इकडून अशी ओवून टाक. सैल टोकांत बाळाची बोटं अडकतात. आणि इस्त्रीचं नावसुद्धा काढू नकोस. ॲक्रिलिकवर गरम इस्त्री फिरली की फुगा कायमचा चपटा. चौकोन ओलसर करून जुन्या रजईवर टाचण्या लावून रात्रभर ठेव. (त्या निळ्या स्वेटरचं काय झालं होतं ते मी काढत नाही. तुझ्या बाबालाच विचार.)

आता हिशेब. सहा आडवे, आठ उभे, म्हणजे अठ्ठेचाळीस चौकोन. चौकोनाला पाऊण तास धर, छत्तीस तास झाले. जोडायला, टोकं ओवायला आणि भोवतीच्या काठाला नऊ तास. ते कुणीच धरत नाही. झाले पंचेचाळीस. लोकरीचे आठशे गेले, हातात राहिले सातशे. तासाला सोळा रुपयेसुद्धा पडत नाहीत! एवढ्यात तुझ्या हिंजवडीत टपरीवरचा चहा तरी येतो का? कंपनीला तुझ्या तासाचा भाव ठाऊक आहे, तुलाही आहे. मग संध्याकाळी सुई हातात घेतली की त्याच हातांचा भाव कसा उतरतो?

समोरच्या काकू तुला म्हाताऱ्याच आठवत असतील. आम्हाला त्या तरण्या आठवतात. बिर्लानगरची जियाजीराव मिल बंद पडली, काकांचा पगार थांबला आणि काकूंच्या सुया सुरू झाल्या. दुकानदार लोकर तोलून द्यायचा आणि स्वेटर तोलून घ्यायचा. दहा-वीस ग्रॅम कमी भरले की मजुरीतून कापायचा. गच्चीवर सगळ्या जणी उन्हात शेंगदाणे सोलत बसायच्या, काकू मान वर न करता विणायच्या. आमच्या आईसकट सगळ्या म्हणायच्या, "बरंय बाई, काकूंचा वेळ छान जातो." त्या छान जाणाऱ्या वेळावर दोन मुलांची फी भरली गेली. हे कुणी मोठ्यानं बोललं नाही, काकू स्वतःही नाहीत.

मी कॉलेजात शिकवायला लागले तेव्हा मारिया मीस या जर्मन बाईंचं नरसापूरवरचं पुस्तक हाती आलं, १९८२चं. नरसापूर आंध्रात, गोदावरीच्या मुखाकडे. तिथे १८४४ च्या सुमारास स्कॉटिश मिशनरी जोडप्यानं बायकांना क्रोशाची लेस शिकवली आणि पुढे हजारो घरांत ती विणली जाऊ लागली, परदेशी जाऊ लागली. मीसबाईंचं म्हणणं असं, की विणणाऱ्या बायका दिवसाचे कितीतरी तास राबत होत्या, पण त्यांना कामगार कुणी म्हणेना. त्या गृहिणी आणि लेस हा त्यांचा रिकामा वेळ, असं एकदा ठरवलं की मजुरी कितीही कमी देता येते. व्यापारी मोठे झाले. मी ते पुस्तक वाचताना आंध्र पाहत नव्हते, काकूंची गच्ची पाहत होते. अलीकडे, २०२४ मध्ये, नरसापूरच्या लेसला भौगोलिक मानांकन मिळालं. आनंदच आहे. आता त्या बायकांच्या हातावर चार पैसे जास्त पडले, की खरं.

तू म्हणशील, आत्या, बाजारात असंच पांघरूण हजाराला मिळतं, मग मला कोण जास्त देणार? अगं, तिथेच तर मेख आहे. खरा क्रोशा विणणारं यंत्र कारखान्यांत अजून नाही. यंत्र करतं ती दुरून तशी दिसणारी जाळी. म्हणजे दुकानात खऱ्या क्रोशाचं काही स्वस्त टांगलेलं दिसलं, तर ते कुठल्यातरी बाईच्या बोटांतून आलेलं आहे आणि तिला सोळाहून कमी मिळालेले आहेत. तू दीड हजारात दिलंस की तिचा भाव आणखी पाडतेस. तुला पगार आहे, तुला परवडतं. तिला नाही.

पैसे घेऊच नकोस असं मी म्हणत नाही, गैरसमज नको. प्रेमानं द्यायचं तर फुकट दे, आणि विकायचं तर पुरते पैसे घे. मधलं अर्धवट नको. आमच्या रुखवतात मणी लावलेले जाळीचे रुमाल मांडले होते, तांब्यावर झाकायचे. त्यांना कुणी भाव विचारला नाही, आम्हीही सांगितला नाही. ते देणं होतं. आणि हा चौकोन मुळात उरलेल्या लोकरीचाच. १८८५ मध्ये अमेरिकेतल्या 'प्रेअरी फार्मर' नावाच्या शेतकी नियतकालिकात तो छापून आला होता. म्हणजे शेतकऱ्यांच्या बायकांनी शिल्लक तुकडे संपवायला करायची गोष्ट. तशी मैत्रिणीसाठी उरल्यासुरल्या रंगांत एक छोटी दुलई करून दे, मी मुळीच रागावणार नाही.

इथे कडाका आहे. सकाळी धुक्यात किल्ला दिसत नव्हता. मेला भरलाय, माधवराव महाराजांनी १९०५ साली सुरू केलेला तोच, पण मी अजून गेले नाही, गुडघा. गेले की तुझ्यासाठी लोकरीची लोकर आणीन. तू वापरतेस ते ॲक्रिलिक बाळाला उन्हाळ्यात घामोळं आणेल. आईच्या वेळी कानपूरच्या लाल इमलीची लोकर यायची, १८७६ ची गिरणी ती. तिचे मफलर अजून ट्रंकेत आहेत, नेप्थलीनच्या गोळ्यांत. पुढच्या खेपेला दोन घेऊन जा.

हे सगळं लिहिलं खरं, पण जे लिहायला बसले ते अजून राहिलंच. फोटो रात्री दोनला आला. त्याच्या आधीचा अडीचला. "झोप येत नाही म्हणून विणते" असं तू लिहिलंस आणि पुढे लगेच चौकोनाचं विचारलंस. मी मुद्दाम चौकोनाचं आधी सांगितलं. आता सांग, झोप का येत नाही? ऑफिसात काही आहे का? त्या घराच्या भाड्याचं? की ज्याबद्दल दिवाळीत आपण दोघीच स्वयंपाकघरात बोललो, ते? अंगठा दुखतो म्हणालीस. तो पट्टी बांधून बरा होईल. जागरणाचं तसं नाही. दहानंतर सुई ठेवून दे. येत नसली झोप तर मला फोन कर. या वयात मी तरी कुठे झोपते! आणि एखाद्या डॉक्टरला दाखव. टाळाटाळ करू नकोस.

सवडीनं इकडे ये. उन्हाळ्यात नको, मे महिन्यात इथे पंचेचाळीसच्या वर जातं.

तुझी,
नलूआत्या

ता. क. मैत्रिणीला चार हजार सांग. नको म्हणाली तर वाईट वाटून घेऊ नकोस, पांघरूण मी घेईन. आणि दादाला तुझ्या जागरणाचं मी काही कळवलेलं नाही. या रविवारपर्यंत तुझं उत्तर आलं नाही तर कळवीन.