मृत्यूच्या पदरी उमेदवारी

मृत्यूची थट्टा करणारे ग्रंथ पुष्कळ आहेत. परंतु ज्यात खुद्द मृत्यूच, कोणाला हसवावे असा लेशमात्रही हेतू मनात नसताना, हास्यास कारण होतो असा ग्रंथ विरळा, आणि टेरी प्रॅचेट या इंग्रज लेखकाची १९८७ साली प्रसिद्ध झालेली 'मॉर्ट' ही कादंबरी मला वारंवार हाती घ्यावीशी वाटते ती याच कारणाने.

महाकाय कासवाच्या पाठीवर चार हत्ती आणि त्या हत्तींच्या पाठीवर तबकडीसारखी सपाट पृथ्वी, अशी कूर्म आणि दिग्गज ठाऊक असलेल्या वाचकास मुळीच परकी न वाटणारी या कथेची सृष्टी आहे. तेथील मृत्यू परंपरेप्रमाणे काळ्या झग्यातील, हाती कोयता धरलेला उंच सांगाडाच. मात्र सांगाड्याच्या घोड्याचे निखळलेले अवयव वाटेत थांबून तारेने बांधण्याचा वीट आल्यामुळे तो आता बिंकी नावाच्या जिवंत पांढऱ्या घोड्यावरून हिंडतो, आणि मांजरांवर त्याचा विलक्षण लोभ आहे. त्याच्या घरी प्रत्येक जिवाचे वाळूचे घटिकायंत्र फळीवर मांडलेले असते. पण त्यात वाळू किती असावी हे ठरवण्याचा अखत्यार त्याला नाही, कारण तो न्यायाधीश नसून केवळ हुकमाची तामिली करणारा अंमलदार आहे.

अशा या अंमलदाराच्या पदरी, नोकरभरतीच्या जत्रेत मध्यरात्रीपर्यंत कोणीच न पत्करलेला मॉर्ट नावाचा एक लुकडा शेतकरीपुत्र उमेदवार म्हणून राहतो, आणि एका राजकन्येचे विधिलिखित मरण दयेपोटी चुकवून सृष्टीच्या साऱ्या दप्तराचा घोटाळा करून ठेवतो. परंतु माझे मन रमते ते या घोटाळ्यापेक्षा धन्याच्या रजेत. माणसे ज्याला मौज म्हणतात ती आहे तरी काय, हे जाणण्यासाठी मृत्यू नाचून पाहतो, मद्य पिऊन पाहतो, गळ टाकून बसतो. कशातच काही न उमगून अखेर एका खाणावळीत आचारी होतो, आणि तेथे, भाजण्यातळण्याच्या धांदलीत, त्याला प्रथमच सुख लाभते.

पुढे १९९१ सालच्या 'रीपर मॅन'मध्ये बडतर्फ झालेला हाच मृत्यू एका वृद्धेच्या शेतावर गडी म्हणून राबतो आणि गवताचे एकेक पाते वेगळे कापतो. जो सारे रान एका फटकाऱ्यात आडवे करू शकला असता, त्याला प्रत्येक पात्याची स्वतंत्र दखल घ्यावीशी वाटावी, यातच त्याची थोरवी आहे. मरणोन्मुख वाचक प्रॅचेटना पत्रे लिहीत, आणि तुम्ही रंगवला आहे तसाच तो असो, अशी आशा व्यक्त करीत. मला त्यात नवल वाटत नाही. भय उपजण्यासाठी समोरचा अगम्य असावा लागतो. येथे तर मृत्यूलाच आपण अगम्य आहोत.