लिस्बनचा वसंत आणि काशियाशचा तुरुंग

१/ एप्रिलच्या अखेरीस लिस्बनला उतरणाऱ्या मराठी प्रवाशाची पहिली सकाळ बहुधा बेलें भागात जाते. टागस नदी इथे समुद्राइतकी रुंद भासते आणि जेरोनिमुश मठाच्या फिकट दगडावर कोवळे ऊन पडलेले असते. शालेय पुस्तकातला वास्को द गामा याच मठात विसावला आहे. मृत्यू मात्र १५२४ साली कोचीत झाला. अस्थी पुढे मायदेशी आल्या. (थ्रेड)

२/ जवळच, राष्ट्राध्यक्षांच्या प्रासादासमोर, उंच स्तंभावर आल्बुकर्क उभा आहे. १५१० साली गोवा जिंकणारा हाच. नदीकाठी शोधयात्रांचे भव्य स्मारक आहे. ते प्राचीन वाटते, पण या रूपात उभे राहिले १९६० साली, हुकूमशहा सालाझारच्या राजवटीत. साम्राज्य निखळू लागले होते, तेव्हा त्याचा गौरव दगडात कोरला जात होता. पुढच्याच वर्षी गोवा गेला.

३/ बहुतेकांचे लिस्बन इथेच आटोपते. तथापि या शहराच्या वसंताला एक तारीख आहे: २५ एप्रिल १९७४. त्या दिवशी युरोपातील सर्वांत दीर्घायुषी हुकूमशाहींपैकी एक, अठ्ठेचाळीस वर्षांची, एका दिवसात कोसळली. तिच्या खुणा शहरात चालत पाहता येतात आणि त्यांतील एक वाट थेट महाराष्ट्रापर्यंत पोहोचते.

४/ आरंभ नदीकाठच्या विस्तीर्ण चौकातून करावा. इथे राजवाडा होता आणि पूर्वेकडच्या मिरी-दालचिनीचा हिशेब ठेवणारी ‘इंडिया हाऊस’ ही कचेरीही त्याच आवारात होती. १ नोव्हेंबर १७५५ च्या भूकंपाने आणि त्सुनामीने सारे नष्ट केले. आज मध्यभागी राजा जोझे पहिला याचा अश्वारूढ पुतळा आहे. चौथऱ्याच्या शिल्पात एक हत्तीही आहे. पूर्वेची आठवण म्हणून भारतीय नजर त्यावर खिळतेच.

५/ २५ एप्रिलच्या पहाटे सांतारेंच्या घोडदळ प्रशालेतून निघालेला कॅप्टन सालगैरो माया आपली चिलखती वाहने घेऊन याच चौकात आला. बंडाचे संकेत रेडिओवरून दिले गेले होते. आदल्या रात्री १०.५५ ला एक प्रेमगीत लागले, मध्यरात्रीनंतर १२.२० ला जोझे आफोन्सोचे ‘ग्रांदोला, व्हिला मोरेना’. ते ऐकताच ठिकठिकाणच्या तुकड्या हलल्या.

६/ तिथून चढण चढून कार्मु चौकात यावे. शेजारच्या मठाच्या चर्चला छप्पर नाही. भूकंपानंतर त्याच्या कमानी उघड्या आकाशाखाली तशाच राहिल्या आहेत. लगतच्या निमलष्करी दलाच्या मुख्यालयात पंतप्रधान मार्सेलु कैतानो आश्रयाला आला होता. सैनिकांनी वेढा घातला, लोक झाडांवर आणि वाहनांवर चढले. संध्याकाळी त्याने जनरल स्पिनोलाच्या हाती सत्ता सोपवली.

७/ या क्रांतीला नाव मिळाले ते एका स्त्रीमुळे. सेलेश्त कायरु ज्या उपाहारगृहात काम करी, त्याचा त्या दिवशी पहिला वाढदिवस होता. गडबडीमुळे ते उघडलेच नाही आणि समारंभाची कार्नेशनची फुले कामगारांना घरी नेण्यास दिली गेली. वाटेत एका सैनिकाने सिगारेट मागितली. तिच्याजवळ ती नव्हती; तिने फूल दिले. त्याने ते बंदुकीच्या नळीत खोवले.

८/ मात्र ‘रक्तहीन क्रांती’ हे वर्णन जपून वापरावे. जवळच्याच रस्त्यावरील गुप्त पोलिसांच्या मुख्यालयातून जमावावर गोळीबार झाला आणि चौघांचा बळी गेला. आज त्या वास्तूत आलिशान सदनिका आहेत. बाहेरच्या भिंतीवर मृतांची नावे असलेली पाटी आहे. थांबल्याशिवाय ती नजरेस पडत नाही.

९/ सैन्यच का उठले? अंगोला, गिनी आणि मोझांबिकमध्ये पोर्तुगाल १९६१ पासून न संपणारी युद्धे लढत होता. त्याच वर्षीचा धडा गोव्याचा होता. डिसेंबर १९६१ मध्ये सालाझारने अखेरपर्यंत लढण्याचा आदेश पाठवला होता. गव्हर्नर जनरल वासालु इ सिल्वा याने निष्फळ रक्तपात टाळून शरणागती पत्करली. बक्षीस म्हणून पुढे त्याला सैन्यातून काढले गेले. राज्यकर्त्यांच्या हट्टाचे खापर आपल्या माथी फुटते, हे अधिकारी विसरले नाहीत.

१०/ कॅथेड्रलजवळ ‘अल्जुबे’ आहे. नाव अरबी, अर्थ कोरडी विहीर अथवा अंधारकोठडी. इथे राजकीय कैद्यांना माणूस जेमतेम आडवा होईल अशा कोठड्यांत ठेवत. २०१५ पासून ते संग्रहालय आहे. त्या अरुंद कोठडीपाशी उभे राहिल्यावर बेलेंच्या स्मारकाची उंची वेगळी दिसू लागते.

११/ आता मराठी वाट. काइश दु सोद्रे स्थानकातून बेलेंला जाणारी रेल्वे पुढे किनाऱ्याने कश्काइशकडे जाते. काही स्थानकांनंतर काशियाश येते. वरच्या टेकडीवरील किल्ल्यात गुप्त पोलिसांचा तुरुंग होता. तिथे सांगलीचा एक तरुण कैदेत होता: मोहन रानडे, मूळ नाव मनोहर आपटे.

१२/ शिक्षक म्हणून गोव्यात गेलेले रानडे आझाद गोमंतक दलात सामील झाले. ऑक्टोबर १९५५ मध्ये बेती येथील पोलीस चौकीवरील हल्ल्यात ते गोळी लागून पकडले गेले. शिक्षा झाली २६ वर्षांची आणि त्यांना पोर्तुगालला नेण्यात आले. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला. ज्यासाठी ते तुरुंगात गेले ते साध्य झाले, तरी ते तुरुंगातच राहिले. आणखी सात वर्षे.

१३/ १९६२ मध्ये भारताने हजारो पोर्तुगीज युद्धकैदी परत पाठवले. रानडे यांची सुटका त्यात झाली नाही. पुढे सुधीर फडके यांनी त्यांच्या सुटकेसाठी चळवळ उभारली. अण्णादुराई यांनी पोपकडे रदबदली केली. सप्टेंबर १९६८ मध्ये आजारी सालाझारची सत्ता संपली. जानेवारी १९६९ मध्ये रानडे सुटले. तारुण्याची तेरा वर्षे गजाआड गेली होती.

१४/ पाच वर्षांनी, २६ एप्रिल १९७४ च्या रात्री, त्याच काशियाशचे दरवाजे उघडले आणि पोर्तुगीज राजबंदी बाहेर आले. गोव्यासाठी झगडणारा मराठी शिक्षक आणि स्वतःच्या देशासाठी झगडणारे लिस्बनचे कामगार यांचा तुरुंग एकच होता, तुरुंगाधिकारीही एकाच राजवटीचे होते. ती राजवट गेली आणि त्याच वर्षी, ३१ डिसेंबर १९७४ रोजी, पोर्तुगालने गोव्यावरील भारताचे सार्वभौमत्व मान्य केले.

१५/ काशियाशला पाहण्यासारखे फारसे काही नाही. तुरुंग आजही तुरुंगच आहे. खाली समुद्र, वर भिंत. तरीही बेलेंला जाणाऱ्याने त्याच गाडीने काही स्थानके पुढे जावे. गोवा जिंकणाऱ्याचा पुतळा पाहायला आपण आवर्जून थांबतो. गोवा सोडवणाऱ्याची कोठडी जिथे होती, त्या टेकडीकडे फलाटावरून पाहण्यास पुढची गाडी येईपर्यंतचाच वेळ लागतो. (समाप्त)