इलफर्ड ते सेवाग्राम, मार्गे बो

लंडनच्या पूर्वेला इलफर्ड नावाचं उपनगर आहे. तिथून सुटणारी 25 नंबरची बस स्ट्रॅटफर्ड, बो, माइल एंड, व्हाइटचॅपल असे थांबे घेत जुन्या शहरात शिरते. राजाचा राजवाडा आणि बिग बेन पाहायला आलेले पर्यटक या बसच्या वाटेला फारसे जात नाहीत. बसमध्ये असतात ते कामावर निघालेले बांगलादेशी, तमिळ, पंजाबी, रोमानियन लोक, बाबागाड्या घेतलेल्या आया आणि औषधांच्या पिशव्या सांभाळणारी म्हातारी माणसं. वरच्या मजल्यावर अगदी पुढची जागा मिळाली, तर गाईडबुकात न सापडणारं लंडन तिकिटाच्या पैशात दिसतं.

मी इलफर्डला आले ती लेकीच्या बाळंतपणासाठी. वर्ध्याहून नागपूर, नागपूरहून मुंबई, मुंबईहून हीथ्रो. बॅगेत डिंक, आळीव, खारीक, सुंठ, बाळंतशेपा आणि माझ्यापुरती जवसाची चटणी. व्हिजिटर व्हिसावर सहा महिन्यांपर्यंत राहता येतं. तेवढ्यात लेकीची कंबर शेकून निघेल, नात मान धरेल आणि मग जावयाची आई येईल, असा हिशेब होता. आमच्याकडच्या कितीतरी निवृत्त शिक्षिका आता असाच अर्धा संसार परदेशात करतात.

नात दीड महिन्याची असताना वर्ध्याहून फोन आला. तान्ह्या पोळ्याच्या दिवशी शेजारची पोरं लाकडी नंदी घेऊन बोजारा मागायला दारात आली, त्यांना पैसे द्यायला आई उठली आणि पावसानं निसरड्या झालेल्या अंगणात पडली. खुब्याचं हाड मोडलं. वय चौऱ्याऐंशी. भावानं तिला सेवाग्रामला कस्तुरबा रुग्णालयात नेलं. ऑपरेशन करावं लागणार होतं.

पहिल्या रात्री मी तिकिटांचे भाव पाहत बसले. लेक काही बोलली नाही. नुसती बाळाला घेऊन शेजारी बसून राहिली. सकाळी भावजयीनं फोनवर निकाल दिला, ‘‘ताई, तुम्ही तिथलं पाहा. इथं मी आहो ना. तुम्ही येऊन दोघी बसू, तर तिथं पोरीजवळ कोण?’’ तिचं म्हणणं बिनतोड होतं. आईच्या उशाशी माणूस होतं, लेकीजवळ माझ्याशिवाय कोणी नव्हतं. मी राहिले.

उन्हाळी वेळेनुसार लंडनचं घड्याळ आपल्यापेक्षा साडेचार तास मागं असतं. वॉर्डातला सकाळचा राऊंड आटोपायचा तेव्हा इथं पहाटेचे पाच वाजलेले असत आणि तीच नातीची दूध पिण्याची वेळ. एका हातात बाळ, दुसऱ्या हातात मोबाइल. आईचं ऑपरेशन झालं, तिला उठवून बसवलं, ती भावजयीवर चिडली, शेजारच्या खाटेवरच्या बाईशी तिचं गणगोत निघालं, खादीचा कुर्ता घातलेली एक शिकाऊ डॉक्टर तिला रोज ‘आजी’ म्हणून हाक मारते, हे सगळं त्या पहाटेच्या फोनवर कळायचं. मग उरलेला दिवस लंडनचा.

सप्टेंबरात लंडनमध्ये ‘ओपन हाऊस’ नावाचा उत्सव असतो. एरवी बंद असलेल्या इमारती त्या दिवसांत लोकांना मोफत पाहता येतात. जावयानं यादी पाहून सांगितलं, ‘‘आई, किंग्सली हॉल आहे यात. तुमच्या वर्ध्याच्या माणसाचं घर.’’ लेकीनं मला जवळजवळ ढकलूनच बाहेर काढलं.

बो चर्चच्या थांब्यावर उतरले. चर्चसमोर रस्त्याच्या मधोमध पंतप्रधान ग्लॅडस्टनचा पुतळा आहे, 1882 सालचा. पुतळ्याच्या हातांना लाल रंग फासलेला. हा रंग कोणी ना कोणी पुन्हा पुन्हा फासतं आणि त्याचा उगम तिथून थोड्याच अंतरावर, फेअरफिल्ड रोडवर आहे. ब्रायंट अँड मे या कंपनीचा काडेपेट्यांचा कारखाना तिथं होता आणि पुतळा दिला तो याच ब्रायंट घराण्यातल्या एकानं. कारखान्यात काम करणाऱ्या बहुतेक मुली. दिवसभर उभं राहायचं, बोललं तर दंड, उशीर झाला तर दंड. काड्यांना लावायच्या पांढऱ्या फॉस्फरसनं जबड्याचं हाड सडायचं. जून 1888 मध्ये ॲनी बेझंट यांनी आपल्या साप्ताहिकात यावर लेख लिहिला आणि जुलैमध्ये सुमारे 1400 मुली-बायका संपावर गेल्या. त्यांनी संप जिंकला. भारतात येऊन होमरूलची चळवळ चालवणाऱ्या, काँग्रेसच्या अध्यक्ष झालेल्या बेझंटबाई त्या याच. कारखान्याच्या लाल विटांच्या इमारतीत आता महागडे फ्लॅट आहेत. जबडा गमावलेल्या मुलींची आठवण पुतळ्याच्या लाल हातांनी मात्र टिकवली आहे.

तिथून दहा-पंधरा मिनिटं चाललं की पोविस रोड. गल्ली साधी, दोन्हीकडे नगरपालिकेची घरं, बाल्कन्यांत वाळत घातलेले कपडे. त्यात विटांची तीन मजली इमारत आणि भिंतीवर निळी गोल पाटी : महात्मा गांधी 1931 मध्ये इथं राहिले. पाटी 1954 सालची. म्यूरिएल आणि डोरिस लेस्टर या खात्यापित्या घरच्या दोघी बहिणींनी बोमधल्या गरिबांसाठी हे केंद्र काढलं आणि अकाली गेलेल्या किंग्सली या भावाचं नाव त्याला दिलं. म्यूरिएल 1926 मध्ये साबरमतीला जाऊन आली होती. त्यामुळे दुसऱ्या गोलमेज परिषदेसाठी गांधीजी निघाले, तेव्हा त्यांनी मोठ्या हॉटेलांऐवजी तिचं आमंत्रण घेतलं.

12 सप्टेंबर ते 5 डिसेंबर 1931 असे बारा आठवडे ते इथं राहिले. परिषद सेंट जेम्स राजवाड्यात, कामकाजाची कचेरी नाइट्सब्रिजला आणि मुक्काम शहराच्या दुसऱ्या टोकाला. सोबतच्यांची यात किती तारांबळ उडत असेल! पण ते हटले नाहीत. पहाटेची प्रार्थना, मग अंधारातच बोच्या रस्त्यांवरून आणि कालव्याकाठानं भरभर चालणं. रस्त्यातली पोरं त्यांना ‘अंकल गांधी’ म्हणत मागं लागत. चार्ली चॅप्लिन त्यांना भेटला तोही पूर्व लंडनच्याच कॅनिंग टाउनमध्ये, डॉ. कटियाल यांच्या घरी. परदेशी कापडाच्या बहिष्कारानं ज्यांचं काम गेलं, त्या लँकेशायरच्या गिरणी कामगारांनाही ते जाऊन भेटले. परिषदेतून हाती काही लागलं नाही. बोमधल्या घरांतून मात्र ते माणसं जोडून परतले.

गांधीजींची खोली गच्चीवर आहे. सपाट गच्चीच्या कडेला लहान लहान खोल्यांची रांग आणि त्यातली ही एक. काही पावलांत संपते. जमीन थंड, खिडकी एक, सामान जवळजवळ नाही. लंडनच्या थंडीत, डिसेंबरपर्यंत, बासष्ट वर्षांचा माणूस इथं राहिला. मार्गदर्शक बाईंनी विचारलं, ‘‘तुम्ही कुठल्या?’’ मी ‘वर्धा’ म्हटलं, तर त्यांनी लगेच ‘सेवाग्राम’ असा उच्चार केला. दक्षिणेला कॅनरी व्हार्फच्या बँकांचे मनोरे दिसत होते.

इथं गांधीजींच्या सेवेला मीराबेन होत्या. मूळच्या मॅडलिन स्लेड, ब्रिटिश आरमारातल्या ॲडमिरलची मुलगी. 1925 मध्ये त्या भारतात आल्या. 1928 च्या जानेवारीत त्यांचे वडील इंग्लंडमध्ये वारले, तेव्हा त्या भारतातच होत्या. त्या काळी बोटीनं जायचं म्हटलं तरी पंधरा-वीस दिवस लागत आणि पत्रालाही तितकेच. तीन वर्षांनी त्या स्वतःच्या देशात आल्या त्या खादीच्या साडीत, केस कापलेल्या, गांधीजींच्या बकरीच्या दुधाची आणि खजुरांची व्यवस्था पाहणाऱ्या. राहिल्या बोमध्येच.

या बाईंचं आमच्या जिल्ह्यावर ऋण आहे. गांधीजी 1934 मध्ये जमनालाल बजाज यांच्या आग्रहानं वर्ध्याला आले आणि मगनवाडीत राहिले. मीराबेन वर्ध्याला लागून असलेल्या सिंदीत लोकांना सफाई शिकवायला जात. त्यांनी पुढं शेगाव गाठलं आणि 30 एप्रिल 1936 रोजी गांधीजी त्यांच्या मागोमाग तिथं पोचले. हेच शेगाव पुढं सेवाग्राम झालं. आज आपण जिला बापू कुटी म्हणतो ती झोपडी मुळात मीराबेननी स्वतःसाठी बांधली होती. तिच्या भिंतीवरची मातीनं उठवलेली खजुराची झाडं त्यांच्याच हातची. शाळेच्या सहलीत मी शेकडो मुलांना ती झाडं दाखवली आहेत. ज्या बोटांनी ती घडवली, त्यांनी या गच्चीवरही झाडलोट केली असणार, हे पोविस रोडवर उभं राहिल्यावर पहिल्यांदा जाणवलं.

बापू कुटीपासून जवळच परचुरे कुटी आहे. परचुरे शास्त्री संस्कृतचे पंडित. कुष्ठरोग झाला म्हणून समाजानं दूर केलेले. गांधीजींनी त्यांना आश्रमात ठेवून घेतलं आणि रोज स्वतःच्या हातानं मालिश केली. व्हाइसरॉयशी पत्रव्यवहार, काँग्रेसची भांडणं, ‘हरिजन’चे अंक हे सगळं चालू असताना मालिशीची वेळ चुकत नसे. सेवाग्रामात आजाराकडं असं पाहिलं गेलं. कस्तुरबा गेल्या 1944 मध्ये, आगाखान पॅलेसच्या कैदेत. त्यांच्या नावानं डॉ. सुशीला नायर यांनी इथल्या अतिथिगृहात लहानसा दवाखाना उभा केला आणि त्याचंच हे रुग्णालय झालं. 1969 मध्ये गांधी शताब्दीच्या वर्षी त्याला जोडून ग्रामीण भागातलं वैद्यकीय महाविद्यालय निघालं. तिथली मुलं आजही खादी घालतात आणि पहिल्याच वर्षी आश्रमात शिबिराला राहतात. आईला ‘आजी’ म्हणणारी मुलगी त्यातलीच.

परतताना उलट्या दिशेची 25 नंबर पकडून आधी व्हाइटचॅपलला गेले. 1740 मध्ये सुरू झालेलं रॉयल लंडन हॉस्पिटल तिथं आहे. आता निळ्या काचांच्या उंच इमारतीत. 5 जुलै 1948 पासून ब्रिटनमध्ये राष्ट्रीय आरोग्य सेवा आहे. उपचार सर्वांना, पैसा करातून. लेकीचं बाळंतपण त्याच सेवेत झालं. दवाखान्यातून निघताना बिलाची खिडकी कुठं, असं मी सवयीनं विचारलं तर लेक हसली. पण सेवाग्रामनंही आपल्या ऐपतीत असा प्रयोग केला होता. डॉ. उल्हास जाजू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आजूबाजूच्या गावांत आरोग्य विमा सुरू केला, त्याचा हप्ता ज्वारीत. सुगीला प्रत्येक घरानं आपल्या ऐपतीप्रमाणं ज्वारी द्यायची आणि आजारपणात दवाखान्यानं गावाला सांभाळायचं. लंडनचा कर आणि वर्ध्याकडची ज्वारीची पायली, दोन्हींमागचा विचार एकच : आजारी पडल्यावर माणसाला एकटं पाडायचं नाही.

व्हाइटचॅपलच्या हॉस्पिटलच्या दारात एक सिल्हेटी बाई डबा घेऊन उभी होती. सासू वर दाखल, नवरा कामावर, मुलगा मँचेस्टरला. तोडक्यामोडक्या हिंदीत तिनं एवढंच सांगितलं. तिला मी विचारलं, ‘‘तुम्ही जेवलात?’’ तिनं माझ्याकडं असं पाहिलं, जणू हा प्रश्न पहिल्यांदाच कानावर आला. दुसऱ्या दिवशी पहाटे वॉर्डातला फोन लागला, तेव्हा आईच्या टाक्यांआधी मी भावजयीला तेच विचारलं. ती क्षणभर गप्प झाली आणि मग तिनं रात्री चटईवर झोप येत नाही, पाठ धरली आहे, पोराच्या शाळेचं काय ते कळत नाही, हे सगळं सांगितलं. त्याच दिवशी भावाशी बोलून रात्रीसाठी एक मावशी लावली, पैसे मी पाठवायचे ठरले. आई आता वॉकर धरून अंगणापर्यंत येते.

आपल्यापैकी अनेकांची मुलं बाहेर आहेत आणि आईवडील इथं. सहा महिने परदेशी जाताना घरातल्या वडीलधाऱ्यांची कागदपत्रं, औषधांची यादी, विम्याचा नंबर आणि थोडी रोकड कोणाकडं आहे हे लिहून ठेवा. आजारपण आलंच, तर दवाखान्यात रोज एकाच माणसाला एकच फोन करा. पाच नातेवाइकांनी पाच देशांतून डॉक्टरांना सल्ले देऊ नका. आणि पेशंटच्या आधी, पेशंटपाशी बसलेल्या बाईची चौकशी करा. बहुतेक घरांत ती सूनच असते आणि तिला कोणी विचारत नाही.